गरम इंजिन, शून्यावर आलेलं तेलाचं प्रेशर: एका हरिकेन इंजिनाचं रबाळ्यातलं प्रकरण

गाडी महिंद्राची सीजे-३बी जीप, पेट्रोल. इंजिन विलीजच्या हरिकेन एफ-१३४ घराण्यातलं: चार सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा व्यास) ३.१२५ इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४.३७५ इंच, २१९९ सीसी, आणि क्रँकला, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्याला, धरणारी तीन मेन बेअरिंग. या इंजिनाची रचना आज क्वचितच दिसते. इनटेक वॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट वॉल्व्ह ब्लॉकमध्ये, त्यामुळे ब्लॉकवर काम करणाऱ्याला बोअर, क्रँक आणि वॉल्व्ह सीट (वॉल्व्ह बंद होताना टेकतो ती कडा) या तिन्हींचा विचार एकाच वेळी करावा लागतो. गाडी घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीतली. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये इंजिन उघडलं होतं. क्रँक ग्राइंड केला (घासून लहान मापाला नेला), बेअरिंग आणि पिस्टनच्या रिंगा बदलल्या, बोअरला हात लावला नव्हता.

तक्रार अशी: सकाळी थंड इंजिन सुरू केलं की गेज ५५-६० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाखवतं. अर्धा तास चालवून सिग्नलला थांबलं की काटा जवळजवळ खाली बसतो. चढाला पाय दाबला की खालून जड ठोका येतो. मागे निळा धूर, आणि चौथ्या सिलिंडरचा प्लग दर दोन-तीन आठवड्यांनी तेलाने ओला.

मालकाने इंजिन उतरवून घेतलं आणि क्रँक, जुने शेल (बेअरिंगच्या अर्धगोल पातळ वाट्या) आणि चार कनेक्टिंग रॉड गोणीत बांधून रबाळे एमआयडीसीतल्या मशीन शॉपला नेले. मागणी एकच, क्रँक पुढच्या साइझला ग्राइंड करून नवे शेल द्या. शॉपचे उस्ताद जुन्या इंजिनांच्या मशीनिंगमध्ये मुरलेले. त्यांनी क्रँक हातात घेतला, मधल्या मेन जर्नलवरून (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागावरून) नख फिरवलं, शेल उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, “ब्लॉक कुठाय?”

“ब्लॉक गॅरेजमध्येच आहे, काका. ब्लॉकला काही झालेलं नाही.”

“मग ब्लॉक, मेनच्या कॅपा, ऑइल पंप, हेड, सगळं घेऊन या. तोवर क्रँक मशीनवर चढवत नाही.”

गिऱ्हाइकाला हे अडवणुकीसारखं वाटू शकतं. पण शेलच्या पाठीवरच उत्तर लिहिलेलं होतं. मागच्या मेनच्या शेलच्या पाठीमागे पातळ पत्र्याचा तुकडा चिकटलेला होता, आणि मधल्या शेलचा पांढरा थर वर-खाली घासून तांबं उघडं पडलं होतं, तर जोडाजवळच्या बाजू जवळपास नव्यासारख्या. असा ठसा फक्त क्रँक खराब असल्याने उमटत नाही. शेल ज्या भोकात बसतो ते भोकच गोल राहिलेलं नाही, असा त्याचा अर्थ.

प्रेशर गेज नेमकं काय सांगत होतं

इंजिन गाडीत असतानाच काही गोष्टी कळू शकल्या असत्या. रिलीफ वॉल्व्हची स्प्रिंग ठरवते ती प्रेशरची वरची मर्यादा. प्रेशर त्या मर्यादेच्या खाली असताना वॉल्व्ह बंदच असतो, म्हणजे गरम इंजिनाच्या आयडलला (पाय न दाबता मंद चालताना) त्याचा काही संबंध उरत नाही. तिथलं प्रेशर दोनच गोष्टींवर ठरतं: पंप किती तेल ढकलतो आणि बेअरिंगांच्या फटींतून किती तेल निसटतं. या इंजिनात रिलीफ स्प्रिंगखाली जास्तीचे वॉशर घातलेले सापडले. त्यामुळे सकाळचं थंड प्रेशर देखणं झालं, आणि दोष दोन वर्षं झाकला गेला.

उतरवण्याआधी गॅरेजने एक काम मात्र चोख केलं होतं. डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबून न राहता वेगळं मेकॅनिकल गेज लावून नोंद घेतली होती: गरम आयडलला ३ ते ४ पीएसआय, २००० आरपीएमला १८. पुस्तकाप्रमाणे आयडलला किमान ६ आणि २००० ला ३५ हवं. कॉम्प्रेशन (पिस्टनने दाबलेल्या हवेचं प्रेशर) पहिल्या तीन सिलिंडरांत ९५ ते १०५, चौथ्यात ७०. चौथ्यात चमचाभर तेल सोडल्यावर तेच १०० झालं, म्हणजे गळती वॉल्व्हमधून कमी आणि रिंगांकडून जास्त. मशीन शॉपला जाताना असा कागद खिशात असावा. सुटे भाग टेबलावर आले की चालू इंजिनाची वागणूक पुन्हा तपासता येत नाही.

हेड उतरवताना या इंजिनात एक बोल्ट हमखास विसरला जातो. तो कार्बोरेटरच्या खाली, इनटेकच्या वाटेतच आहे. कार्बोरेटर न काढता बाकीचे बोल्ट सोडून हेडला पहार लावली की हेड तडकतं, आणि ते बदलून मिळणं सोपं नाही. इथे हेड शाबूत होतं.

मोजमाप

ब्लॉक आला तो तेलाच्या गाळाने माखलेला. मोजण्याआधी धुणं आलं, आणि धुण्याआधी सोलणं. ऑइल गॅलरीचे (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांचे) सगळे प्लग आणि पाण्याचे वेल्श प्लग काढले. कॅमशाफ्टचं पुढचं बेअरिंगही काढलं. एफ-१३४ मध्ये कॅमचं फक्त पुढचं बेअरिंग बदलता येणारं, बॅबिटचं (मऊ मिश्रधातूचं) आहे. कॉस्टिकच्या गरम टाकीत ते राहिलं तर त्याचा पृष्ठभाग खाल्ला जातो. गॅलरीचे प्लग न काढता टाकीत बुडवलेला ब्लॉक बाहेरून चकचकीत होतो, पण आतल्या नळ्यांत सैल झालेला गाळ तसाच राहतो. नव्या बेअरिंगांवर पहिल्या पाच मिनिटांत येतो तो हाच. टाकीनंतर प्रत्येक नळीतून लांब दांड्याचा ब्रश आणि हवा, दोन्ही गेले.

मग मेनच्या तिन्ही कॅपा (क्रँकला खालून धरणाऱ्या अर्धगोल कमानी) शेलशिवाय बसवून ७० फूट-पौंडाला आवळल्या (पुस्तकातली मर्यादा ६५ ते ७५, म्हणजे साधारण ९ ते १०.४ किलोग्रॅम-मीटर) आणि बोअर गेज दोन दिशांनी लावलं. पुढचं भोक ठीक. मधलं भोक आडव्या दिशेला मापात, उभ्या दिशेला ३.३ थाऊ कमी. मागचं २ थाऊ कमी. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी.) कॅपांच्या जोडाच्या पृष्ठभागावर कानशीच्या रेघा साध्या डोळ्यांना दिसत होत्या.

क्रँक मायक्रोमीटरखाली गेला तेव्हा चित्र पूर्ण झालं. मेन जर्नलचं मूळ माप २.३३३१ ते २.३३४१ इंच. वीस अंडरला (मूळ मापापेक्षा वीस थाऊ लहान) ते २.३१३१ ते २.३१४१ व्हायला हवं. मधलं जर्नल निघालं २.३१०५. म्हणजे आधीच्या ग्राइंडिंगला माप जवळजवळ तीन थाऊ पुढे गेलं होतं. वीस अंडरचे शेल त्यावर सैल पडले, आणि तो सैलपणा घालवायला कॅपा घासल्या गेल्या.

हे काम करणाऱ्याने बहुधा प्लास्टिगेज (प्लास्टिकची तार, ती दबून किती पसरली त्यावरून फट कळते) लावून पाहिलं असणार, आणि त्याला दोन थाऊ फट दिसली असणार. दोन थाऊ म्हणजे अगदी बरोबर, पुस्तक मेनसाठी ०.३ ते २.९ थाऊ देतं. पण प्लास्टिगेजची तार कॅपच्या तळाशी ठेवतात, म्हणून ती फक्त उभ्या दिशेची फट सांगते. घासलेल्या कॅपमुळे भोक वरून-खालून दाबलं गेलं होतं. आडव्या दिशेला शेलचं माप २.३१५८ आणि जर्नल २.३१०५, म्हणजे फट ५.३ थाऊ. तेलाची गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, फट दुप्पट झाली की गळती आठपट. गेजवर सगळं ठीक दिसत असताना बाजूंनी तेल ओसंडत होतं आणि वर-खाली शेल घासला जात होता. तेल थंड आणि घट्ट असेपर्यंत निभावत होतं.

म्हणून कॅप घासलेली असल्याचा जरासा जरी संशय असेल तर प्लास्टिगेजवर थांबू नये. बोअर गेज उभं, आडवं आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना तिरकं, अशी तीन-चार मापं घ्यावीत.

क्रँकपिनांची (कनेक्टिंग रॉड बसतात त्या जागांची) कहाणी वेगळी. पिनचं मूळ माप १.९३७५ ते १.९३८३, वीस अंडरला १.९१७५ ते १.९१८३. तिसरी पिन एका टोकाला १.९१७२, दुसऱ्या टोकाला १.९१५७. दीड थाऊचा टेपर, म्हणजे निमुळतेपणा. शिवाय जर्नल जिथे गालाला (बाजूच्या भिंतीला) मिळतं तिथला गोलावा जवळजवळ गायब होता. ग्राइंडरच्या चाकाचा कोपरा डायमंडने गोल न करता ग्राइंड केलं की असं होतं. क्रँक तुटतो तो नेमका या कोपऱ्यातून. उस्तादांच्या मते टेपरपेक्षा हा दोष गंभीर, आणि ते बरोबरच आहे. टेपरने बेअरिंग जातं, कोपऱ्याने इंजिन.

बोअर चाळीस ओव्हरला (मूळ मापापेक्षा चाळीस थाऊ मोठे), ३.१६५ इंचावर होते. चौथ्याचं वरचं माप, कड्याच्या जरा खाली, ३.१७४, आणि तळाशी ३.१६७. वरच्या टोकाला, रिंगा पोचत नाहीत तिथे, न झिजलेली कडा तशीच उभी होती. झिजलेल्या बोअरमध्ये कडा न काढता नव्या रिंगा घातल्या की नव्या रिंगेची धारदार कड त्या कड्यावर आपटते. चौथ्या पिस्टनची वरची रिंग तीन तुकड्यांत होती आणि तिच्या खाचेचा काठ फुटलेला. निळ्या धुराचा उगम तिथे.

क्रँक मॅग्नेटिक तपासणीत स्वच्छ निघाला. ब्लॉकमध्ये मात्र तिसऱ्या एक्झॉस्ट सीटपासून बोअरकडे जाणारी केसाएवढी तडा सापडली. या इंजिनात ती जागा नेहमीचीच. एक्झॉस्ट वॉल्व्ह ब्लॉकमध्ये असल्याने सीट आणि बोअर यांच्यामधली पट्टी अरुंद आणि सगळ्यात गरम असते, आणि पाण्याच्या वाटा गंजाने बुजल्या की आधी तीच तडकते. डेकवर (ब्लॉकच्या वरच्या, हेड बसतं त्या पृष्ठभागावर) रबर लावलेली प्लेट आवळून, ब्लॉक गरम पाण्यात बुडवून तीन किलो हवेचा दाब दिला तेव्हा बुडबुडे आले नाहीत. तडा पाण्यापर्यंत पोचली नव्हती. पोचली असती तर या ब्लॉकवर पुढचा खर्च करावा का, हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवावा लागला असता.

काय करायचं ठरलं, आणि आधी काय विकत घेतलं

चाळीस ओव्हर हे पुस्तकातलं शेवटचं माप. त्यापुढे जाण्यापेक्षा चारही बोअरना ड्राय स्लीव्ह (आत दाबून बसवायच्या पातळ नळ्या) घालून स्टँडर्डला परत आणायचं ठरलं. क्रँक तीस अंडरला: मेन २.३०३१ ते २.३०४१, पिना १.९०७५ ते १.९०८३. मधल्या जर्नलवर त्यासाठी सहा-सात थाऊ शिल्लक होते, आणि गोलावा नीट करायलाही जागा होती. मेनच्या कॅपा सपाट करून लाइन बोअरिंग, म्हणजे मेनची भोकं एका रेषेत पुन्हा कापणं.

यातलं एकही काम सुरू होण्याआधी उस्तादांनी मालकाला बाजारात पाठवलं. पिस्टन, रिंगा, मेन आणि बिगएंडचे (रॉडच्या खालच्या टोकाचे) तीस अंडरचे शेल, स्लीव्ह, एक्झॉस्ट सीट, सगळं टेबलावर आल्याशिवाय मशीन चालणार नाही. चालू गाडीच्या इंजिनात आधी बोअर करून मग पिस्टन आणला तरी चालून जातं, कारण दुकानात माप मिळतं. जुन्या इंजिनाला क्रँक तीसला नेला आणि शेल फक्त चाळीसचे मिळाले, तर दहा थाऊचं आयुष्य फुकट गेलं.

सामान आल्यावर तेही मोजलं गेलं. खोक्यावर चारही पिस्टन स्टँडर्ड. गजन पिनला (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनला) काटकोनात, स्कर्टवर घेतलेली मापं मात्र ३.१२२२, ३.१२१९, ३.१२२४ आणि ३.१२१३. एका थाऊहून अधिक फरक. पिस्टन परत करण्याऐवजी प्रत्येक बोअर त्याच्या पिस्टनसाठी वेगळा करायचा आणि पिस्टनवर सिलिंडरचा आकडा ठोकायचा, असं ठरलं. वजनातला फरक काही ग्रॅमचा होता. जड पिस्टनांच्या आतल्या बॉसवरून (पिन बसते त्या जाड भागावरून) तेवढा धातू काढला.

उन्हात उभ्या गाडीच्या डिकीतून आलेला पिस्टन लगेच मोजू नये. या आकाराचा ॲल्युमिनियमचा पिस्टन १५ अंश जास्त गरम असला की सुमारे एक थाऊ मोठा भरतो. पिस्टन, ब्लॉक आणि मायक्रोमीटर एकाच टेबलावर रात्रभर ठेवून सकाळी मोजले.

मशीनवर

कामांचा क्रम हा इथला कळीचा भाग. ज्या कामाने ब्लॉक हलू शकतो ते आधी, ज्यात माप राखायचं ते शेवटी.

पहिली तडा. वेल्डिंगचा विचार झाला नाही. बिडाला त्या जागी गरम केलं की आजूबाजूचा भाग काचेसारखा कडक होतो आणि सीटचं भोकही वाकतं. तडेच्या रेषेवर एकमेकांना कापणारी आट्यांची भोकं पाडून बिडाच्या पिना आवळल्या, वरून कापून सपाट केल्या. तडेच्या दोन्ही टोकांना एकेक पिन गेलीच पाहिजे, नाहीतर ती पुढे सरकते.

मग सीट. जुन्या सीट काढून खाचा साफ केल्या आणि नव्या कडक सीट तीन थाऊ दाबाने बसवल्या, बसवण्याआधी त्या फ्रीजरमध्ये ठेवून. देशभर शिसंविरहित पेट्रोल २००० मध्ये आलं. त्याआधी शिशाचा थर सीटला जे संरक्षण द्यायचा ते आता मिळत नाही, म्हणून मऊ सीटचा मोह टाळावा. एक्झॉस्ट गाईड (वॉल्व्हच्या दांड्याला धरणाऱ्या नळ्या) दाबून काढण्याआधी त्यांची डेकपासूनची खोली मोजून लिहून ठेवली होती. गाईड त्याहून खाली गेला तर वॉल्व्हला आधार कमी पडतो.

लाइन बोअरिंगला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि या शॉपचं कसब तिथेच दिसलं. कॅपा सरफेस ग्राइंडरवर घेऊन जोडाच्या पृष्ठभागावरून पाच थाऊ काढले. कानशीने घासलेला पृष्ठभाग नुसता खोल नव्हता, तिरकाही होता. मग कॅपा आवळून बार लावला. सर्वसाधारण कारखान्यात बार मधोमध धरून वरून-खालून सारखं कापतात. इथे तसं चालत नाही. या इंजिनात कॅमशाफ्ट साखळीवर फिरत नाही, क्रँकच्या गिअरशी कॅमचा गिअर थेट भिडतो. ब्लॉकच्या बाजूचा धातू कापला की क्रँकचं केंद्र कॅमकडे सरकतं आणि गिअर एकमेकांत रुततात. पुस्तक बॅकलॅश (गिअरच्या दातांमधली मोकळीक) जास्तीत जास्त दोन थाऊ देतं, म्हणजे वाया घालवायला जागाच नाही. उस्तादांनी बार असा लावला की कटर ब्लॉकच्या बाजूला नुसता चमक देऊन जाईल आणि सगळं कापणं कॅपमधून होईल. एक तास फक्त बार लावण्यात आणि डायल पाहण्यात गेला, कापायला त्याच्या निम्मा. शेवटी गिअर बसवून डायल लावला तेव्हा बॅकलॅश एक थाऊ.

लाइन बोअरिंगच्या कामाला ब्लॉक देताना टायमिंग गिअरची जोडीही द्यावी. बहुतेक लोक देत नाहीत, आणि मग जोडणीच्या दिवशी इंजिन सायरनसारखं ओरडतं.

नंतर डेक. मेनच्या रेषेवरून उंची घेतली तर पुढच्या आणि मागच्या टोकांत तीन थाऊंचा फरक. तेवढाच कट. बोअरिंग बार ब्लॉकच्या डेकवर बसणारी जुन्या पद्धतीची असल्याने डेक तिरका असेल तर बोअरही क्रँकला तिरकाच पडतो. म्हणून बोअरच्या आधी डेक.

स्लीव्हचं बाहेरचं माप ३.३१२५ इंच, तयार झाल्यावरची भिंत ३/३२ इंच. ब्लॉकची भोकं ३.३१०५ ला नेली, म्हणजे दाब दोन थाऊ. तळाशी ३/१६ इंचाची पायरी ठेवली, म्हणजे स्लीव्ह खाली सरकणार नाही. दाब याहून वाढवला तर पातळ स्लीव्ह आतून चेपते आणि शेजारचा बोअर फुगतो. कमी केला तर ब्लॉकला उष्णता नीट देत नाही. आधी पहिला आणि तिसरा, मग दुसरा आणि चौथा, असा क्रम ठेवला. वरचं टोक डेकच्या पातळीला कापून घेतलं.

बोअरिंग शेवटच्या मापाच्या तीन थाऊ आधी थांबवलं, बाकीचं होनवर (घासदगडांनी). पिस्टन-क्लिअरन्सची पुस्तकी मर्यादा २.५ ते ४.५ थाऊ. इथे तीन धरले, म्हणून चार बोअर ३.१२५२, ३.१२४९, ३.१२५४ आणि ३.१२४३. होन करताना बोअर तापतो. त्या क्षणी घेतलेलं माप खोटं. प्रत्येक बोअरचा शेवटचा अर्धा थाऊ ब्लॉक थंड झाल्यावरच काढला. रेघांचा छेद ४५ अंशांच्या आसपास. त्या फार आडव्या झाल्या तर रिंगा ठोकरतात, फार उभ्या झाल्या तर तेल टिकत नाही.

क्रँकच्या ग्राइंडिंगबद्दल सांगण्यासारखं थोडंच. चाकाचा कोपरा गोल करून घेतला आणि तो गेजने तपासूनच सुरुवात केली. तेलाच्या भोकांच्या कडा मोडल्या, पॉलिश फिरण्याच्या दिशेने. पिना १.९०७८ ते १.९०८०, टेपर मायक्रोमीटरला सापडणार नाही इतका.

जोडणी

ठाण्याच्या खाडीकाठी पावसाळ्यात ताजा होन केलेला बोअर अर्ध्या तासात तांबूस होतो. म्हणून ब्लॉक धुवायचा तेव्हा तेल शेजारी काढून ठेवलेलं असावं. डिझेल किंवा पेट्रोलने धुतलं तर होनची बारीक धूळ रेघांत बसून राहते. गरम पाणी, कपड्यांचा साबण आणि ताठ केसांचा ब्रश यांनीच ती निघते. पांढरं फडकं काळं यायचं थांबेपर्यंत धुतलं, हवेने कोरडं केलं आणि लगेच तेल फिरवलं.

रिंगांचे गॅप बोअरमध्ये घालून मोजले. बोअरच्या दर इंचाला साधारण चार थाऊ, म्हणजे इथे बारा. दोन रिंगा नऊला होत्या, त्या बाहेरून आत घासत बाराला आणल्या.

कनेक्टिंग रॉड आपापल्या जागी, आपापल्या कॅपसह. या इंजिनात रॉडचं खालचं टोक मध्यावर नाही, एका बाजूला सरकलेलं आहे. रॉड उलटा बसला तरी बोल्ट आवळला जातो, आणि मग बेअरिंगची कड क्रँकच्या गोलाव्यावर चढते. रॉडच्या बोल्टना ४० फूट-पौंड (मर्यादा ३५ ते ४५). मेन एकेक आवळत गेलं आणि प्रत्येक वेळी क्रँक हाताने फिरवून पाहिला. तिन्ही आवळून मग फिरवला तर कुठलं अडतंय ते कळत नाही. क्रँकची पुढे-मागे हालचाल पुढच्या शिमांनी (पातळ चकत्यांनी) ५ थाऊ ठेवली, पुस्तकात ४ ते ६.

ऑइल पंपचं झाकण काचेवर घासून सपाट केलं, रोटरच्या फटी तपासल्या. रिलीफ स्प्रिंगखालचे जास्तीचे वॉशर काढून टाकले. संपमधली (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीतली) तरंगती जाळीही पाहिली. तिचं तरंडं फुटलेलं असेल तर ती तळाच्या गाळात बसते, आणि मग बेअरिंग कितीही सुंदर असली तरी पंपाला तेल मिळत नाही. इथे ठीक होतं. पंपाच्या दांड्यावरच डिस्ट्रिब्युटर फिरतो, म्हणून पंप बसवताना पहिला सिलिंडर वर आणून खाच जुळवावी लागते. एका दाताने चुकलं की टायमिंग डिस्ट्रिब्युटर फिरवूनही येत नाही.

बायपास फिल्टरच्या वाटेतल्या बारीक भोकाकडेही लक्ष दिलं. या इंजिनात सगळं तेल फिल्टरमधून जात नाही, थोडंच जातं, आणि किती जायचं ते हे भोक ठरवतं. कुणी ‘फिल्टर चांगला चालावा’ म्हणून ते ड्रिलने मोठं केलं असेल तर गरम प्रेशर तिथूनच पळतं. ते मूळ मापाचंच होतं.

हेड ६५ फूट-पौंडाला, तीन टप्प्यांत, कार्बोरेटरखालचा बोल्ट धरून. टॅपेटची (वॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची) फट थंड इंजिनावर इनटेक १८ थाऊ, एक्झॉस्ट १६. पॉइंटची फट २० थाऊ, प्लगची ३०, ठिणगीचं टायमिंग ५ अंश आधी, फायरिंगचा क्रम १-३-४-२. कार्बोरेटर आणि पेट्रोल पंपाचे रबराचे भाग इथेनॉल सोसणारे घातले. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुना डायफ्रॅम फुगतो आणि आकार सोडतो.

सुरू केल्यावर

पंप तेलाने भरून, प्लग काढून, सेल्फने इंजिन फिरवलं आणि गेजचा काटा हलल्यावरच प्लग लावले. सुरू झाल्यावर आयडलला न ठेवता १२०० ते १५०० आरपीएमच्या दरम्यान, खालीवर करत, वीस मिनिटं. नव्या इंजिनाला पहिल्याच मिनिटात आयडलला घुटमळत ठेवणं वाईट. टॅपेटवर उडणारं तेल तेव्हा सगळ्यात कमी असतं आणि रिंगा बसायला लागणारा दाबही मिळत नाही. ते तेल गरम असतानाच काढलं. त्यात राखाडी छटा होती, चमकता कण नव्हता. पुन्हा साधं मिनरल २०डब्ल्यू-४० भरलं.

रिंगा बसवायला पाम बीच रोडवर एका गतीने गाडी पळवण्यापेक्षा घोडबंदरला गायमुखचा चढ बरा. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये अर्ध्या थ्रॉटलने वर, पाय काढून खाली. चढताना दाब रिंगांना भिंतीवर ढकलतो, उतरताना व्हॅक्यूम तेल वर ओढून घासलेले कण धुऊन नेतो.

८०० किलोमीटरनंतरची नोंद: गरम आयडलला १४ पीएसआय, २००० ला ३८. कॉम्प्रेशन १२२ ते १२६ (पुस्तकात १२० ते १३०). ठोका नाही, धूर नाही, चौथा प्लग फिकट तपकिरी. हेड पुन्हा आवळलं, एक्झॉस्टचे दोन टॅपेट दोन थाऊंनी कमी झाले होते, ते जुळवले. नव्या सीट बसताना एवढं होतंच.

एक गोष्ट राहिली. बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या कवचाच्या) तळाच्या भोकाशी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, तेलाचा एखादा थेंब दिसतो. मागची मेन कॅप पाच थाऊ घासल्यामुळे सीलची खाच तेवढी वर गेली आहे, म्हणून पहिला संशय तिच्यावर. पण कॅपच्या दोन्ही बाजूंची रबराची पॅकिंग पाव इंच बाहेर ठेवून संपने दाबावी लागतात, ती आखूड कापली गेली तरी थेंब तिथेच दिसतो. कॅमशाफ्टच्या मागच्या टोकाचा प्लग गळला तरीही. तिन्हींचं तेल एकाच भोकातून बाहेर येतं. संप उतरवून पॅकिंग पाहता येतील, सील आणि कॅमच्या प्लगसाठी मात्र गिअरबॉक्स आणि फ्लायव्हील काढावं लागेल. क्लच प्लेट अर्धीच उरली आहे, ती बदलायला गिअरबॉक्स उतरेल तेव्हा मागची बाजू पुसून, पावडर मारून, इंजिन पाच मिनिटं चालवून ओल कुठून उतरते ते पाहायचं, असं मालक आणि उस्तादांचं ठरलं आहे. तोवर दर आठवड्याला डिपस्टिक.